फिल्मचा कापलेला कोपरा

सुकवलेल्या जेलकडं नुसत्या डोळ्यांनी बघून काहीही कळत नाही. हे मी माझ्या बारावीच्या मुलांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी त्यांना ते खोटं वाटतं. त्यांनी मोबाईलवर रंगीत, लकाकणाऱ्या रेघा पाहिलेल्या असतात. आमच्या वेळी लकाकायचं काही नव्हतं. झाडाच्या पानातून डीएनए काढायचा, त्याच्या तुकड्यांना किरणोत्सारी फॉस्फरसची खूण चिकटवायची, ते तुकडे जेल नावाच्या जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायचे, मग ती जेल जाड गाळणकागदावर उचलून सुकवायची. हातात उरतो एक पांढुरका, चकचकीत कागद. रेघा त्यातच असतात, पण दिसत नाहीत. त्यावर एक्स-रेची फिल्म दाबून चार-सहा दिवस अंधारात ठेवली, की जिथं खूण आहे तिथं फिल्म काळी पडते. मग कळतं कोणत्या झाडात काय आहे ते.

खामगावच्या बाहेर, जिनिंगची शेडं संपतात तिथून पुढं, एका संस्थेचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. तिथं मी पाच वर्षं तंत्रज्ञ होते. एम.एस्सी. करून बीबी या माझ्या गावाहून आलेली, दरवर्षी नव्यानं कंत्राट मिळणारी. केंद्रात डॉक्टर बरेच होते, पण जेल सुकवायची म्हटलं की मलाच हाक. ओलसर राहिली तर ती फिल्मला चिकटते, आणि घाई केली तर उन्हात विसरलेल्या पापडासारखी तडकते. त्यात आमच्याकडची लाईट. व्हॅक्यूम पंप चालू असताना लाईट गेली की जेल गेलीच समजा. म्हणून ते दोन तास मी यंत्रापासून हलायची नाही, एक हात कायम व्हॉल्व्हवर. बाकीचे चहा पिऊन यायचे आणि विचारायचे, ‘‘झाली का?’’ जशी काही मी भाकरीच टाकून बसले होते.

माझी आणखी एक सवय होती, आणि ही सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. फिल्म ही दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. कॅसेट, म्हणजे ती चपटी पत्र्याची पेटी, उघडून फिल्म बाहेर काढली की वर-खाली कळतं, पण डावं-उजवं कळत नाही. फिल्म उलटी धरली की पहिला नमुना शेवटचा होऊन बसतो. म्हणून पेटी उघडल्याबरोबर, फिल्म जागची हलायच्या आत, पहिल्या नमुन्याच्या बाजूचा तिचा कोपरा कात्रीनं कापायचा. पण डार्करूममध्ये पहिली बाजू ओळखायची कशी? मी पेटीच्या झाकणावर, पहिल्या नमुन्याच्या कोपऱ्यात, जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावायची. बोटाला लागली की कापायचं. लाल दिव्यात डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, बोटांवर ठेवायचा.

त्या वर्षी आमच्याकडं मिरचीचं काम होतं. चुरडामुरडा हा मिरचीचा वैरी. पानं आकसतात, झाड बुटकं राहतं, आणि बघता बघता सगळं वावर बसतं. काही झाडं मात्र हा रोग घेत नाहीत. अशा झाडांच्या डीएनएत एक जादा रेघ सापडते, हे आमच्या सरांनी आधीच्या जेलवर दाखवलं होतं. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. आता जिल्ह्यातल्या पाच शेतकऱ्यांचं घरचं बी आणि सरांनी स्वतः केंद्रात तयार केलेला एक वाण, असे सहा नमुने तपासायचे होते. ज्यात रेघ निघेल ते बी केंद्राच्या प्लॉटवर वाढवायचं, आणि ज्याचं असेल त्याच्या नावानं पुस्तिकेत छापायचं.

दुसऱ्या क्रमांकाचा नमुना रोहिणखेडच्या एका बाईंचा होता. मी त्यांना मावशी म्हणायची. नमुन्याची पानं गोळा करायला मीच गेले होते, तेव्हाची ओळख. साठीच्या पुढच्या, सडपातळ, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. त्यांच्या सासूनं राखलेलं बी त्यांनी तीस-पस्तीस वर्षं राखलं होतं. रीत अशी, की चुरड्याच्या वर्षी जे झाड हिरवं राहील त्याला चिंधी बांधायची आणि बी फक्त त्याचंच धरायचं. आम्ही लाखांची यंत्रं लावून जे करत होतो ते ही बाई चिंधीवर करत होती. पण मुलाला संकरित बी लावायचं होतं. एका वावरात दोन्ही नको, असा त्याचा हट्ट.

‘‘आता तुमच्यावर हाय बाई,’’ मावशी म्हणाल्या होत्या. ‘‘पोरगं म्हनते, लॅबनं चांगलं म्हनलं तं ठेव. नाई म्हनलं तं सोडून दे. म्याही हाव म्हनलं. रोज रोज कटकट काऊन करा?’’

‘‘लॅबनं नाही म्हटलं तर खरंच सोडाल?’’

‘‘सबद देला तं देला.’’

तेव्हा मी हसले होते. लॅब म्हणजे मीच की, असं मला वाटलं होतं.

जेल मी सुकवली. सुरेख निघाली, कुठं भेग नाही, बुडबुडा नाही. दोन्ही कडांना मोजमापाच्या पट्ट्या आणि मध्ये सहा नमुने. पट्टी दोन्हीकडं हवी हा सरांचा आग्रह, छापताना चित्र देखणं दिसतं म्हणून. एकाच कडेला असती तर डाव्या-उजव्याचा प्रश्नच आला नसता. मी म्हटलंही होतं, निदान ओळखीचं एक रोगट झाड सोबत चालवूया, म्हणजे ताळा राहील. सर म्हणाले, ‘‘मागच्या जेलवर आहे ना, पुन्हा कशाला?’’ डीप फ्रीझर बिघडलेला, म्हणून कॅसेट डार्करूमच्या कपाटात ठेवली. चिकटपट्टी लावली, डाव्या कोपऱ्यात. वहीत लिहिलं, दसऱ्यानंतर उघडणे.

आणि मी नागपूरला गेले. आमच्या घरी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. आई दरवर्षी जाते, आणि तिच्या गुडघ्यांमुळं आता तिला एकटीला सोडता येत नाही. रजेचा अर्ज दिला तेव्हा सर म्हणाले, ‘‘बरोबर त्याच दिवशी!’’ दसरा काय मी ठरवते?

खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा असते. सेंट्रिफ्यूज, पंप, मायक्रोस्कोप, सगळं पुसून मांडतात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. मला त्याचा राग नव्हता. मी त्या वेळी कडेला उभी राहायची, नंतर पेढा खायची, आणि यंत्रांवरचा तांदूळ मीच साफ करायची, कारण तो फिरत्या भागांत गेला की मलाच निस्तरावं लागायचं. त्या वर्षी मी नव्हते. आमच्या शिपाईकाकांनी मोठ्या भक्तीनं कपाटातली कॅसेटसुद्धा पूजेला बाहेर काढली. पुसली. तिच्यावरची मळकट चिकटपट्टी खरवडून टाकली. पूजेला मळकं कसं चालेल? सरांनी कुंकू लावलं. झाकणाच्या मधोमध किरणोत्साराचं पिवळं स्टिकर होतं, त्यावर कुठं लावणार, म्हणून उजव्या कोपऱ्यात लावलं. मग कॅसेट पुन्हा कपाटात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली ती पुण्याहून आलेल्या संशोधक विद्यार्थ्यानं. शहाणा मुलगा, हुशार, मेहनती. माझ्या बोलण्यातलं ‘करून राह्यली’ ऐकलं की त्याला हसू यायचं, पण मनानं वाईट नव्हता. खूण कोपऱ्यात असते एवढं त्याला ठाऊक होतं. ती चिकटपट्टीची असते हे ठाऊक नव्हतं. त्यानं बाहेर साध्या दिव्याखाली पेटी पाहिली, उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. आत गेला आणि तोच कोपरा कापला.

मी परत आले तेव्हा फिल्म सरांच्या टेबलावर होती आणि टेबलाभोवती आनंदीआनंद. जादा रेघ निघाली होती. पाचव्या नमुन्यात. म्हणजे सरांच्या स्वतःच्या वाणात. सरांनी मला पेढा दिला, नागपूरहून आल्याबद्दल दुसरा दिला. माझं लक्ष शेजारच्या कॅसेटवर गेलं. पट्टी नाही. भलत्याच कोपऱ्यात कुंकू.

‘‘कोपरा कुठला कापला?’’ मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं.

‘‘तुमची खूण होती तोच. लाल.’’

‘‘मी लाल खूण कशाला करीन? लाल दिव्यात लाल दिसतं का?’’

त्याचा चेहरा पडला. शिपाईकाकांना विचारलं तर ते निरागसपणे म्हणाले, ‘‘पट्टी म्याच काढली नं मॅडम. कशी मयकट दिसे! पूजेले ठेवाची होती ना.’’ त्यांच्यावर काय रागावणार? त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं ती पट्टी कशासाठी आहे. मीसुद्धा नाही. आपली युक्ती आपल्याच बोटांत ठेवायची, म्हणजे आपली गरज राहते, असं कंत्राटी माणसाला वाटतं. मलाही वाटायचं. तेव्हा या चुकीत माझाही वाटा आहे, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

पाच म्हणजे उलटीकडून दोन. रेघ मावशींच्या मिरचीत होती.

मी सरांना सांगितलं. आधी नीट, हळू आवाजात. फिल्म उलटी वाचली गेलीय, जेल अजून आहे, पुन्हा एक फिल्म लावूया. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कशावरून?’’

‘‘पूजेत पट्टी निघाली, सर. कुंकवाचा ठिपका खूण म्हणून धरला गेला.’’

खोलीत एकदम शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ मला कळला. जन्मल्यापासून कळतो. सर हसून म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या पूजेमुळं विज्ञान बुडालं, असं म्हणायचंय का तुम्हाला?’’ दोघं-तिघं हसले. संध्याकाळपर्यंत केंद्रभर झालं, की नागपूरहून आल्या आल्या बाईंनी कुंकवावर ठपका ठेवला. तेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ती डार्करूममधली चूक ठरली असती. मी म्हटलं तर तो धर्म ठरला. संताप संताप झाला माझा. त्या दिवशी मला चौकशी नको होती, माफी नको होती, फक्त एक फिल्म हवी होती.

ती मिळेना. सर म्हणत, बघू. पुढच्या आठवड्यात बघू. आणि त्या फॉस्फरसला ‘बघू’ चालत नाही. चौदा दिवसांत तो निम्मा होतो, आणखी चौदा दिवसांत पाव. थोडं थांबलं की पुरावा आपोआप विझतो. सरांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सुंठेवाचून खोकला जाणार होता.

तीन आठवडे मी वाट पाहिली. मग टाकाऊ मालाच्या पेटीतून ती जेल काढली. किरणोत्सार ओसरून थंड होईपर्यंत तिथंच ठेवतात. कुपीच्या तळाशी उरलेल्या जुन्या आयसोटोपचा, म्हणजे त्याच किरणोत्सारी फॉस्फरसचा, एक थेंब शाईत कालवला, आणि जेलच्या कागदावर जिथं पेन्सिलीनं ‘१’ लिहिलं होतं तिथं एक ठिपका दिला. असा ठिपका फिल्मवर स्वतःच उमटतो, मग कुणाच्या बोटांची गरज नाही न् कुणाच्या कुंकवाची भीती नाही. बारा दिवस फिल्म ठेवली. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, धुतली. रेघा फिकट होत्या, पण होत्या. डावीकडं माझा काळा ठिपका, आणि दुसऱ्या नमुन्यात ती जादा रेघ, पेन्सिलीनं ओढावी तशी स्वच्छ. पाचव्यात काही नाही. डार्करूमच्या बेसिनपाशी उभी राहून मी रडले. आनंदानं रडले, हे आज लिहितानाही मला पटत नाही, इतका तो आनंद पुढं फुकट गेला.

फिल्म घेऊन सरळ सरांकडं गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मनात घोळवत. सरांनी ती खिडकीकडं धरली. बराच वेळ पाहिली. त्यांना कळलं, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या मानेवरची शीर मी पाहत होते.

मग त्यांनी फिल्म टेबलावर पालथी ठेवली आणि विचारलं, ‘‘आयसोटोप वापरल्याची रजिस्टरला नोंद आहे?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘टाकाऊ पेटीतून सक्रिय जेल काढण्याची परवानगी कुणी दिली?’’

मी पालथ्या फिल्मकडं पाहिलं.

‘‘मी हे वर कळवलं, तर तुमचं या क्षेत्रातलं काम कायमचं संपेल. कळवत नाही. तुमचं कंत्राट मार्चमध्ये आहे ना?’’

नियम खरे होते. मीच नव्या लोकांना शिकवायची, की एका थेंबाचाही हिशेब लागतो. ज्या नियमांनी आम्हाला सांभाळायचं, त्यांनीच माझं तोंड बांधलं. मी ‘हो सर’ म्हणाले. फिल्म त्यांच्याच टेबलावर राहिली. ती उचलून घ्यायचंही मला सुचलं नाही, का धाडस झालं नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. धाडस झालं नाही, हेच खरं उत्तर आहे. आई बीबीहून माझ्याकडं राहायला आली होती, तिच्या गुडघ्याचे उपचार चालू होते, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही.

डिसेंबरात पाचही शेतकऱ्यांना पत्रं गेली. ‘आपल्या वाणात अपेक्षित गुणधर्म आढळला नाही. सहकार्याबद्दल आभार.’ पाकिटांवरचे पत्ते माझ्या अक्षरात होते. सरांचा वाण पुस्तिकेत छापला गेला, केंद्राच्या प्लॉटवर लागला, आणि पुढच्या पावसाळ्यात चुरड्यानं मुळासकट बसला. तेव्हा सर म्हणाले, हवामान प्रतिकूल होतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

पण तो पावसाळा यायच्या आधीच, मे महिन्यात, मी रोहिणखेडला गेले. मार्चमध्ये कंत्राट मिळालं होतं. गप्प राहिल्याचं बक्षीस मिळालं होतं ते. ते घेऊन दोन महिने मला धड झोप नव्हती. मनाशी ठरवलं, मावशींना एवढंच सांगायचं, कुणाला न सांगता बी जपून ठेवा. कारण सांगणार नाही, नाव घेणार नाही. फक्त बी जपा म्हणायचं. रोपं टाकायला अजून वेळ होता.

मोताळ्याहून बस बदलून, जुन्या मशिदीच्या अलीकडं उतरले. अंगणात शिरता शिरताच ठसका लागला. कांडप गिरणीवरून नुकतंच तिखट आलं होतं, आणि मावशी तोंडाला पदर बांधून ते चाळत होत्या. मला पाहून त्या इतक्या हरखल्या, की मला परत फिरावंसं वाटलं.

‘‘ये माय ये! पानी घे आधी. लय उन्हाची आली.’’

पाणी प्यायले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, ‘‘मावशी, चिंधीच्या झाडांचं बी कुठं ठेवलंय?’’

त्यांनी चाळणीकडं बोट दाखवलं. ‘‘हे काय. यंदा थे बी यातच देलं. पत्र आलं नं तुमचं. पोरगं म्हने, आता काय त्याची पूजा करतं? मंग देलं टाकून. तिखट मात्र झन्नाट झालं, पाय.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगयं. सबद देला होता नं.’’

चाळणीत लाल भुगा होता, आणि त्यात भरडल्या गेलेल्या बियांचे पिवळे कण. सासू-सुनेच्या दोन पिढ्यांनी ज्या झाडांना चिंध्या बांधल्या, त्यांचं एवढंच उरलं होतं. केंद्रात एका बोटाएवढ्या नळीत त्या मिरचीचा डीएनए अजून होता, अगदी शुद्ध. त्याला कोंब फुटत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिखटाचं निमित्त होतं म्हणून बरं. मावशींनी उठून गुळाचा खडा दिला.

वाटीभर तिखट त्यांनी पुडीत बांधलं. माझ्या हातात देताना त्या थांबल्या. तोंडावरचा पदर सोडला आणि माझ्याकडं नीट बघून विचारलं, ‘‘एक इचारू का बाई? तू तं तिथंच असते. थे मशीन चुकत तं नाई ना?’’

तिथं मला सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघीच होतो. पुढं मी बराच काळ स्वतःची समजूत घातली, की म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून मी खोटं बोलले. तसं नव्हतं. मला भीती वाटली. तिच्या मुलाची, सरांची, कंत्राटाची, आणि सगळ्यांत जास्त तिच्या नजरेची.

‘‘नाही मावशी,’’ मी म्हणाले. ‘‘चुकत नाही.’’

मावशींनी मोठा श्वास सोडला. खांद्यावरून ओझं उतरावं तशा त्या खाली बसल्या आणि चाळणी पुन्हा मांडीवर घेतली.

‘‘मंग बरं झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले तं वाटून राह्यलं होतं, म्या आपल्या हातानं चांगलं बी मारलं.’’